गळ्याशी गाठ नको

स्नेहसंमेलनासाठी ‘सुपरमॅन’ची (१९७८) लाल केप वा ‘क्रिश’चा (२००६) काळा कोट घरीच शिवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. काटकसर हे गौण कारण. मुख्य कारण सुरक्षिततेचे. गळ्याशी नाडीची गाठ असलेली केप घसरगुंडीत अडकली तर फास बसतो. तेथे वेल्क्रो लावल्यास ओढ बसताच ती सुटते. नायलॉन आगीने वितळून त्वचेला चिकटते व जखम खोल करते. सुती कापडही पेट घेतेच. म्हणून ते जाड, घट्ट विणीचे घ्यावे, घेर आवरावा आणि पणती-फुलबाजीपासून मुलाला दूर ठेवावे. मुखवट्याला डोळ्यांपाशी मोठी भोके असावीत. लसीकरणासाठी येणाऱ्या पालकांना आपण डॉक्टरांनी एवढे आवर्जून सांगावे. भाजलेल्या त्वचेवरील उपचारापेक्षा हे चार टाके केव्हाही सोपे.