निम्म्याचा ठोकताळा चुकीचा



रसायनशास्त्र सोपे करण्याविषयीचा लेख वाचला. पाठांतर कमी व्हावे, एवढे मान्य. पण अणुवस्तुमानांक निम्मा केला की इलेक्ट्रॉनांची संख्या मिळते, हे लेखकाचे विधान चुकीचे आहे. कार्बन (१२, ६) आणि ऑक्सिजन (१६, ८) यांना ते लागू पडते; हायड्रोजनचा वस्तुमानांक १, मग इलेक्ट्रॉन अर्धा मानायचा का? निसर्गात क्लोरिनचे अणू ३५ आणि ३७ वस्तुमानांकांचे आढळतात. उदासीन अवस्थेत दोन्हींत इलेक्ट्रॉन १७च, कारण प्रोटॉन १७. युरेनियम-२३८ मध्ये ते ११९ नव्हेत, ९२ असतात. मोजायचे ते अणुअंकावरून. वस्तुमानाऐवजी अणुअंकच मूलभूत, हे शास्त्रज्ञ मोझलीने १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या प्रयोगांतून दाखवले.

‘जितके संयुजा इलेक्ट्रॉन तितकी संयुजा’ हेही सरसकट खरे नाही. सोडियमला (२, ८, १) ते जमते. क्लोरिनचे (२, ८, ७) बाह्यतम कवचात सात, तरी मिठात त्याची संयुजा एक. अष्टक पुरे व्हायला एकच इलेक्ट्रॉन हवा असतो. नववीच्या वर्गात मुले नेमकी इथेच अडखळतात, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे.

पुढील अंकात दोन्ही दुरुस्त्या ठळक छापाव्यात, ही विनंती.

– एक विज्ञान शिक्षिका