जुनी चिठ्ठी, जुन्या गोळ्या

बद्धकोष्ठाच्या रुग्णाची चिठ्ठी ही जपून ठेवण्याची वस्तू झाली आहे. घडीवर फाटलेली, चिकटपट्टीने जोडलेली. पण तिच्यावर दुकानदार वर्षानुवर्षे गोळ्या देतो आणि शेजारीणही तीच मागून नेते! हे थांबले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

टेगासेरॉडचेच पाहा. बद्धकोष्ठ आणि पोटात मुरडा असा आय.बी.एस.चा त्रास असणाऱ्या स्त्रियांना हे औषध दिले जाई. अमेरिकेत २००२ साली त्यास मान्यता मिळाली. पुढे ते घेणाऱ्यांत हृदयविकार व पक्षाघाताचे प्रमाण थोडे अधिक आढळले, म्हणून २००७ साली तेथील विक्री थांबली. भारतात बंदी आली २०११ साली. कपाटातल्या चिठ्ठीला हे कसे कळावे?

आज प्रुकॅलोप्राइड दिले जाते. औषध चांगले आहे. परंतु मूत्रपिंडाचे काम फार मंदावले असेल तर त्याची मात्रा निम्मी करावी लागते, आणि पासष्टीपुढे सुरुवातच निम्म्याने करतात. चिठ्ठी लिहिली तेव्हाचे तुमचे मूत्रपिंड आणि आजचे, यांतला फरक दुकानदाराला दिसत नाही.

डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधे पिशवीत घालून न्यावीत. लोहाच्या गोळ्या किंवा ट्रॅमॅडॉलसारखे वेदनाशामक यांनीही शौचास खडा होतो. अशी गोळी डॉक्टरांनी बदलून दिली की कित्येकदा दुसऱ्या औषधाची गरजच उरत नाही. मात्र शौचावाटे रक्त जात असेल, वजन घटत असेल किंवा पन्नाशीनंतर बद्धकोष्ठ नव्यानेच सुरू झाले असेल, तर गोळ्या बदलत बसू नये. आधी तपासणी करून घ्यावी.