शेजारकथा आणि तिचे फाटक

मराठी समीक्षेने हलक्याफुलक्या लेखनासाठी एक अडगळीची खोली राखून ठेवली आहे. फडके-खांडेकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ‘कला की जीवन’ या वादाचे तपशील आज कोणी गांभीर्याने उगाळत नाही. परंतु त्या वादाने केलेली वाटणी अभ्यासक्रमांतून, परिसंवादांतून आणि प्रबंधांच्या विषयसूचींतून निमूटपणे चालू राहिली आहे. एका बाजूला रंजन, दुसऱ्या बाजूला मूल्यभान. शहरातल्या एका इमारतीत राहणारी माणसे, त्यांची भांडणे, सणवार, उसनवारी आणि अखेरीस त्यांच्यात जुळणारा स्नेह यांची हप्त्याहप्त्याने सांगितलेली हसरी कथा या वाटणीत पहिल्या बाजूला टाकली जाते आणि तिथेच विसरली जाते. तिला सोयीसाठी ‘शेजारकथा’ म्हणावे. या कथेला एवढा दीर्घकाळ वाचक का मिळत राहतो, या प्रश्नाकडे समीक्षा क्वचितच वळते. कारण तो वाचकाच्या अभिरुचीचा दोष मानून तिने निकालात काढलेला असतो.

या प्रकारावरचे आक्षेप ठरावीक आहेत. पात्रे वाढत नाहीत, प्रसंगांची पुनरावृत्ती होते, कथानकाला शेवट नसतो. हे तिन्ही आक्षेप वस्तुस्थिती म्हणून खरे आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष तेवढा चुकीचा आहे. त्यांच्यामागे पूर्ण झालेल्या, बंदिस्त कलाकृतीचे प्रतिमान उभे असते. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारातील संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे घेतली, तर समतोल साधण्यासाठी कृती कुठेतरी पूर्ण व्हावी लागते. जी संहिता पुढच्या आठवड्यावर भिस्त ठेवूनच लिहिली जाते, तिला हा निकष लावणे म्हणजे ज्या परीक्षेला ती बसलीच नाही त्या परीक्षेत तिला नापास ठरवणे होय.

शेजारकथेचा आकृतिबंध शेजाराच्या अनुभवातूनच घडलेला असतो. शेजारी निवडता येत नाही. तो रोज थोडा थोडा भेटतो. जिन्यात, नळावर, गॅलरीत. त्याची पूर्ण हकीकत कधीच हाती येत नाही, आणि जेवढी येते ती वारंवार तीच असते. त्याच्या सवयी पाठ होतात, त्यांचा वैताग येतो, आणि एखाद्या दिवशी त्याचे खोकणे ऐकू आले नाही तर चुकल्यासारखे होते. क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कथेशी वाचकाचे नाते नेमके असेच असते. तारक मेहता यांचे सदर ‘चित्रलेखा’ या गुजराती साप्ताहिकात १९७१ साली सुरू झाले. मुंबईतल्या जेठालाल आणि टपू यांच्या फजितीच्या कथांनी वाचकांच्या पिढ्यांना सोबत केली. एडिंबरा शहरातील एका इमारतीच्या रहिवाशांवर अलेक्झांडर मॅकॉल स्मिथ यांनी २००४ पासून ‘द स्कॉट्समन’ या दैनिकात कादंबरी चालवली; तिच्यातला बर्टी हा मुलगा कितीतरी वर्षे पाच-सहा वर्षांचाच राहिला. वास्तववादाच्या हिशेबात हे वैगुण्य ठरेल. मात्र या कथांचा वाचक ‘पुढे काय झाले’ यापेक्षा ‘सगळे जागेवर आहेत ना’ हे पाहण्यासाठी परत येतो. पुनरावृत्ती हाच इथे आशयाचा गाभा आहे.

येथवर शेजारकथेची बाजू घेणाऱ्यांना हे विवेचन सोयीचे वाटेल. परंतु ‘निखळ विनोद’, ‘निरागस आनंद’, ‘हरवलेला जिव्हाळा’ ही त्यांची शब्दकळा तुच्छतावादी समीक्षेइतकीच आंधळी आहे. दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर मतैक्य असते: या लेखनात विचार करण्याजोगे काही नाही. एक पक्ष त्याबद्दल तिला हिणवतो, दुसरा त्याबद्दल तिचे आभार मानतो.

वस्तुतः शेजारकथा वाचकाला फार मोठे आश्वासन देत असते. मैत्री निवडीतून होते. शेजार भाड्याच्या पावतीतून होतो. शेजारकथेचा सारा ओघ दुसऱ्यातून पहिल्याकडे जाणारा असतो. न निवडलेली माणसे हळूहळू अशी होतात की त्यांच्यावाचून चालू नये. गाव, भाऊबंद आणि जातीचा आधार मागे ठेवून शहरात आलेल्या माणसाला हे आश्वासन किती निकडीचे असते, हे सांगण्याची गरज नाही. रक्ताच्या, गावच्या आणि जातीच्या नात्याबाहेरही आपले माणूस मिळू शकते, असे ही कथा सांगते. एवढे मोठे विधान गंभीर स्वरात केले असते तर ते प्रचारकी वाटले असते. चहाच्या कपाबरोबर, थट्टेच्या सुरात केल्यामुळे ते सहज पटते. तिच्या आकर्षणाचे मूळ इथे आहे. आणि म्हणूनच तिला तिच्याच आश्वासनाच्या कसोटीवर तपासले पाहिजे: या घरात खोली कोणाला मिळते?

हा प्रश्न या प्रकाराला पेलवणारा आहे, याचा पुरावा अमेरिकेत सापडतो. आर्मिस्टेड मॉपिन यांची ‘टेल्स ऑफ द सिटी’ ही मालिका १९७६ पासून ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’ या दैनिकात येऊ लागली. १९७८ साली तिचे पहिले पुस्तक झाले. बार्बरी लेनवरील अठ्ठावीस क्रमांकाचे घर, त्याची मालकीण अ‍ॅना मॅड्रिगल आणि तिचे भाडेकरू यांच्या या कथेत योगायोग आणि चहाट्या यांची रेलचेल आहे. पण ज्या मालकिणीच्या मायेवर ते घर उभे आहे, ती पारलिंगी आहे, हे वाचकाला तिच्यावर जीव जडल्यानंतर कळते. मायकेल हा समलिंगी भाडेकरू आईला आपली ओळख पत्राने कळवतो. ते पत्र १९७७ साली, समलिंगी व्यक्तींना मिळालेल्या कायदेशीर संरक्षणाविरुद्ध अनिता ब्रायंट यांनी चालवलेल्या मोहिमेच्या काळात, त्याच दैनिकात छापले गेले. पुढे १९८३ साली मालिकेतील एका लाडक्या पात्राचा एड्सने मृत्यू झालेला दाखवला गेला. अमेरिकी ललित लेखनाने या रोगाची दखल घेतल्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांत त्याची गणना होते. जो वाचक अशा माणसांना आपल्या घरात पाऊल ठेवू देणार नव्हता, त्याच्या न्याहारीच्या टेबलावर ती सकाळच्या अंकातून येऊन बसली होती. हलकेपणा हे इथे प्रवेशाचे साधन ठरले.

मॉपिन यांचे घरही सर्वांना खुले होते असे नाही. पहिल्या भागात डोरोथिआ ही काळी मॉडेल येते, आणि ती प्रत्यक्षात कातडी काळी केलेली गोरी बाई असल्याचे उघड होते. विनोदाच्या कलाटणीसाठी काळ्या माणसाची जागाच पुसली जाते. तेव्हा या प्रकारात कोणाला प्रवेश मिळतो हा प्रश्न एकदा विचारून संपत नाही. तो प्रत्येक दाराशी पुन्हा विचारावा लागतो.

मुंबईच्या शेजारकथेला तो विचारला गेलेला नाही. पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ १९५८ साली पुस्तकरूपाने आली. वर्तमानपत्रातील मालिकेच्या अर्थाने ती क्रमशः कथा नाही. पण सुट्या प्रकरणांतून तीच ती मंडळी परत परत भेटवण्याची तिची रीत शेजारकथेचीच आहे. तिच्या कलात्मक यशाबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. बंद गच्चीसाठी उभारलेल्या आंदोलनाच्या प्रकरणात संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचे जे विडंबन आहे, ते मध्यमवर्गीय सामूहिकतेचे मराठीतले एक मार्मिक चित्र आहे. आणि शेवटच्या चिंतनात ही चाळ स्वतःच्या हसण्याकडेही खिन्नपणे पाहते. पण त्रिलोकेकर, हट्टंगडी, रेगे, पावशे, गुप्ते ही आडनावे एका ओळीत वाचली की चाळीच्या वैविध्याची मर्यादा ध्यानात येते. इथला विनोद पांढरपेशा जातींच्या आपसांतल्या बारीक भेदांवर पोसलेला आहे. ज्या भेदामुळे खोलीच मिळत नाही, तो या चाळीच्या जिन्यापर्यंत पोचत नाही.

पाच वर्षांनी, १९६३ साली, बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती!’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. शीर्षककथेतील तरुण नोकरीच्या गावी जात लपवून राहतो. जात कळलेली नसते तोवर आदर मिळवतो आणि कळताच मार खातो. शेजारकथेत अनोळखी माणूस ओळखीचा झाला की आपला होतो; इथे ओळख पटणे हाच घात आहे. तीच शहरी परिस्थिती, तोच परक्या ठिकाणी आसरा शोधणारा माणूस, आणि कथेची दिशा बरोबर उलटी.

यावर ‘तो जुना काळ होता’ हे उत्तर तयार असते. म्हणून नव्या काळाकडे पाहावे. तारक मेहता यांच्या सदरावर आधारलेली हिंदी दूरचित्रवाणी मालिका २००८ साली सुरू झाली. तिच्यातली गोरेगावची गोकुलधाम सोसायटी हे देशाचे लघुरूप म्हणून रंगवले आहे: गुजराती दुकानदार, मराठी शिक्षक, तमिळ शास्त्रज्ञ आणि त्याची बंगाली पत्नी, पंजाबी गॅरेजवाला आणि त्याची पारशी पत्नी. प्रत्येक प्रांताला एक सदनिका आहे. जात कोणालाच नाही. आणि अब्दुल या सर्वांना हव्याहव्याशा वाटणाऱ्या मुसलमानाचे दुकान सोसायटीच्या फाटकाशी आहे. तो प्रत्येक सणाला आत असतो, प्रत्येक अडचणीत धावून येतो. सदनिका मात्र त्याची नाही. विनोदी संहिता जे बोलत नाही, ते तिच्या नेपथ्याने सांगून टाकले आहे. या मालिकेच्या तीनच वर्षे आधी, २००५ साली, सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादमधील एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सदस्यत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी वैध ठरवला होता. गोकुलधाममध्ये असा उपविधी लिहिलेला नाही; त्याची गरजही पडलेली नाही.

विनोदाकडून सामाजिक जमाखर्च मागणे हा साहित्यबाह्य आग्रह आहे, असा आक्षेप यावर येईल. तो टिकणारा नाही. शोकांतिकेने किंवा भावकवितेने ‘आमच्याकडे सगळे मिळून-मिसळून राहतात’ असा दावा केलेला नसतो. शेजारकथेने केलेला असतो, आणि तिच्या प्रत्येक हप्त्याचा गोड शेवट त्या दाव्यावर उभा असतो. तेव्हा ‘सगळे’ म्हणजे कोण, हा प्रश्न तिच्या रूपबंधातूनच निघतो. शिवाय त्यात विनोदाचेही हित आहे. ज्यांच्यात खरे अंतर आहे अशा माणसांना एका नळावर आणले की विनोदाला धार येते. आधीच एकमेकांसारख्या असलेल्यांचे हसणे लवकरच खाद्यपदार्थांच्या आणि उच्चारांच्या थट्टेवर येऊन थांबते.

‘बटाट्याची चाळ’ सहसा विनोदी साहित्याच्या अभ्यासपत्रिकेत शिकवली जाते आणि बागुलांची कथा दलित साहित्याच्या. दोन वेगळे तास, दोन वेगळे प्राध्यापक, आणि दोन्हीकडे त्याच विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेल्या दोन वेगळ्या वह्या. वास्तविक शहरात राहायला जागा कशी मिळते आणि शेजारी कोण होऊ शकतो, या एकाच प्रश्नाची ती जवळजवळ समकालीन उत्तरे आहेत. ती शेजारी शेजारी वाचायला जी समीक्षा तयार होत नाही, तिने शेजारकथेला उथळ म्हणण्यापूर्वी स्वतःची वाटणी तपासावी. ग्रंथालयाच्या फळीवर तरी या दोन पुस्तकांना एकमेकांचा शेजार मिळायला कोणाची हरकत नसावी.