विश्लेषण : सिमेंट स्वस्त झाले, मग जालन्याच्या सळईची मागणी वाढेल?

सिमेंटवरील जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. जालन्याच्या कारखान्यांत तयार होते ती बांधकामाची सळई. तिच्यावरचा कर आधीही 18 टक्के होता, आताही तेवढाच आहे. तरी सिमेंटमधल्या कपातीकडे सळईवाल्यांचे लक्ष असायलाच हवे. नुसते सिमेंट आणून कोणी स्लॅब टाकत नाही. अशा जोडीला अर्थशास्त्रात ‘पूरक वस्तू’ म्हणतात. एक स्वस्त झाली की दुसरीचा भाव जागचा हलला नाही तरी तिची मागणी वाढते.

पण किती?

समजा, करापूर्वी गोणी 300 रुपयांची आहे. ती आधी 384 रुपयांना पडायची, आता 354 ला पडेल (कंपन्यांनी कपात पूर्ण दिली तर). 600 चौरस फुटांच्या साध्या घराला ढोबळमानाने 240 गोण्या लागतात. म्हणजे वाचले 7,200 रुपये. सळई मात्र त्याच घराला दोन टनांहून जास्त लागते. लाखांच्या खर्चात एवढ्या बचतीवर नवे घर कोणी काढत नाही. फार तर अडलेले काम पुढे सरकेल.

खरा प्रश्न उत्पन्नाचा

खेड्यातले घर बहुतेकदा हंगामाच्या पैशावर उभे राहते. सप्टेंबरमधील अतिवृष्टीने मराठवाड्यातली उभी पिके गेली. राज्य सरकारला 7 ऑक्टोबरला 31,628 कोटींचे पॅकेज जाहीर करावे लागले. जे सोयाबीन हाती आले, त्यालाही खुल्या बाजारात 5,328 रुपयांचा हमीभाव मिळेना. कोणी 20 क्विंटल माल क्विंटलमागे 1,000 रुपये कमी घेऊन विकला असे धरले, तर 20,000 रुपये गेले. सिमेंटमधल्या बचतीच्या जवळपास तिप्पट!

हा भाव पडण्यामागेही दुसऱ्याच वस्तूंचे दर आहेत. सोयाबीनमधून साधारण 18 टक्के तेल निघते, उरते ती मुख्यतः पेंड. केंद्राने 30 मे रोजी कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क 20 वरून 10 टक्क्यांवर आणले, त्यामुळे बाहेरच्या पामतेलाला वाट सोपी झाली. पेंडीलाही स्पर्धक आहे. मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा, म्हणजे डीडीजीएस, कोंबडीखाद्यात पेंडीच्या जागी वापरला जातो आणि तो स्वस्त पडतो. या झाल्या ‘पर्यायी वस्तू’. पर्याय स्वस्त झाला की मूळ मालाची मागणी घटते. इथेनॉलसाठी मका लावणारा आणि सोयाबीन विकणारा शेतकरी अनेकदा एकच असतो, ही यातली गंमत.

जालन्याची सळई जिल्ह्याबाहेरही जाते आणि शहरांतल्या इमारतींचे गणित सोयाबीनवर चालत नाही. त्यामुळे कारखान्यांवरचा परिणाम काहीसा सौम्य राहील. झळ बसेल ती तालुक्याच्या गावातल्या हार्डवेअर दुकानाला.

तिथेही सगळाच माल पडून राहणार नाही. हात आखडला की माणूस स्लॅबऐवजी पत्रे टाकतो. उत्पन्न घटल्यावर ज्याची मागणी वाढू शकते, अशा वस्तूला पाठ्यपुस्तकात ‘निकृष्ट वस्तू’ म्हणतात. शब्द कठोर आहे, पण पत्र्याच्या दर्जाशी त्याचा संबंध नाही. वर पत्रे आणि कोपऱ्यांतून बाहेर डोकावणारे कॉलमचे गज, अशी घरे मराठवाड्यात जागोजागी दिसतात. त्या गजांवर स्लॅब कधी चढेल, हे गोणीच्या दरापेक्षा हमीभाव केंद्रावर विकलेल्या मालाचे पैसे खात्यात कधी जमा होतात यावर जास्त अवलंबून आहे. बांधकामाचा हंगाम दिवाळीपासून मेपर्यंतच असतो.