करंट आहे का? पेट्रोल येतंय का?

मंडळी, पहिला बर्फ पडायच्या आत हा विषय काढतो आहोत, कारण जानेवारीत काढून उपयोग नसतो. गेल्या जानेवारीत तो आमच्या अंगाशी आला.

आपल्या मंडळातल्या एक वहिनी. यजमान वडिलांच्या आजारपणामुळे तातडीने सांगलीला गेलेले. घरात दोन वर्षांचं मूल, त्याचा कान दुखतोय, आणि बाहेर पारा शून्य फॅरनहाइटच्या आसपास. डॉक्टरांची अपॉइंटमेंट दहाची. वहिनींनी गाडीत बसून किल्ली फिरवली. इंजिन जोरात फिरतंय, घर्र-घर्र आवाज येतोय, पण गाडी काही स्टार्ट होत नाही. त्यांनी मंडळाच्या यादीतल्या पहिल्या नंबरावर फोन केला, आणि तासाभरात आम्ही, म्हणजे हा अंक काढणारे तिघं, त्यांच्या ड्राइव्हवेत हजर.

तिघंही इंजिनियर. डेट्रॉइटच्या परिसरात राहायचं म्हणजे दुसरं काय असणार! आमच्यापैकी एकाने तर पंधरा वर्षं कॉम्प्युटरवर पिस्टनची गणितं केली आहेत. पहिल्या दिवशी आम्ही जंपर केबल लावल्या. उपयोग झाला नाही, तेव्हा बॅटरी गेली असं एकमताने ठरवून १८० डॉलरची नवी बॅटरी बसवली. दुसऱ्या दिवशी स्पार्क प्लग बदलले. तिसऱ्या दिवशी "फ्युएल पंपच असणार, दुसरं काही उरलंच नाही" असा निकाल दिला. गराजवाल्याने फोनवर ९०० डॉलरच्या आसपास अंदाज सांगितला आणि आम्ही टो ट्रक बोलावला. तीन दिवस वहिनींची बिनपगारी रजा, आणि बाळाला घेऊन दुसऱ्यांच्या गाड्यांतून डॉक्टरकडे जाणं-येणं.

ट्रकची वाट बघत होतो तेवढ्यात आमच्यातल्याच एकाची मुलगी आईबरोबर डबा पोचवायला आली. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सहज ड्रायव्हरच्या सीटवर बसली, किल्ली फिरवली आणि म्हणाली, "काकू, ही किल्ली कुठून आणली?"

डॅशबोर्डवर किल्लीच्या चित्राचा एक लाल दिवा भराभर उघडमीट करत होता. तो आम्ही तिघांनीही तीन दिवस पाहिला होता आणि चोरीच्या अलार्मचा असेल म्हणून सोडून दिला होता. यजमान गाडीची खरी किल्ली कोटाच्या खिशात घेऊन सांगलीला गेले होते. घरात राहिलेली किल्ली हार्डवेअरच्या दुकानातून कापून आणलेली, आतून लॉक झालं तर दार उघडायला म्हणून. तिने दार उघडतं, स्टार्टरही फिरतो. पण खऱ्या किल्लीच्या डोक्यात एक बारीकशी चिप असते आणि गाडीने ती ओळखल्याशिवाय इंजिन चालू राहू दिलं जात नाही. काही गाड्या क्षणभर चालू होऊन बंद पडतात, काही होतच नाहीत. दुपारी किल्लीवाला आला, चिपची किल्ली गाडीशी जुळवून दिली, आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. जुनी बॅटरी तोवर आम्ही दुकानात परत देऊन बसलो होतो.

हा फजितीचा किस्सा चहाबरोबर सांगायला छान आहे. पण वहिनींचे पैसे गेले, रजा गेली, आणि गेले ते आमच्या अंदाजापायी. बॅटरी कमजोर असली की स्टार्टर रडतखडत फिरतो किंवा नुसतं टिकटिक करतो. इथे इंजिन जोरात फिरत होतं. म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर ठीक आहेत, हे गाडी स्वतःच ओरडून सांगत होती. आम्ही ऐकलं नाही आणि सरळ दुकान गाठलं.

गंमत म्हणजे हे आपल्याला येत होतं. आठवा ती चेतक. स्टार्ट झाली नाही तर आधी आडवी करायची, मग किक. तरी नाही, तर पेट्रोल रिझर्व्हला लावायचं. तरी नाही, तर डिकीतून प्लग-पाना काढायचा, प्लग पॉलिश पेपरने घासायचा, इंजिनला टेकवून किक मारायची आणि निळी ठिणगी पडते का ते बघायचं. करंट आहे का, पेट्रोल येतंय का, एवढे दोनच प्रश्न. ऑफिसला जाणारे क्लार्क आणि कॉलेजची पोरं हे रस्त्याच्या कडेला उभं राहून करत, आणि ठिणगी बघितल्याशिवाय कोणी नवा प्लग विकत घेत नसे, कारण खिशात तेवढे पैसेच नसत.

आता पैसे आहेत म्हणून आम्ही प्रश्न विचारणं सोडलं. यावर कोणी म्हणेल की त्या स्कूटरचं वेगळं, आजची गाडी म्हणजे चाकांवरचा कॉम्प्युटर. हे आम्हाला पटत नाही. कॉम्प्युटरमुळे उलट काम सोपं झालंय. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रत्येक नव्या पेट्रोलच्या मोटारीत स्टिअरिंगखाली एकाच ठरावीक आकाराचं सॉकेट असतं. पंचवीस-तीस डॉलरचा स्कॅनर त्यात लावा, दुसऱ्या कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा आणि स्क्रीनवर इंजिनचे फेरे बघा. दीडशे-दोनशे दिसले तर ठीक. इंजिन डोळ्यांदेखत फिरतंय आणि आकडा शून्यच राहतोय, तर बहुधा क्रँकशाफ्टचा सेन्सर किंवा त्याची वायर गेली. त्या सेन्सरकडून खबर आली नाही, तर कॉम्प्युटर ना ठिणगी देतो ना पेट्रोल. दोन्ही एकदम गायब झालं की पहिला संशय इथे घ्यावा.

कोड दिसला म्हणून त्या नावाचा पार्ट लगेच मागवू नका, एवढं मात्र सांगून ठेवतो. पी-०३३५ म्हणजे क्रँकशाफ्ट सेन्सरच्या सर्किटची तक्रार. त्या सर्किटात सेन्सर आहे, तशी वायर आहे, कनेक्टर आहे, आणि कधी ती वायर कुरतडणारा उंदीरही आहे. आमच्यातल्या एकाच्या गराजमध्ये ते झालंय.

पेट्रोलचं कळायला हत्यारसुद्धा लागत नाही. रेडिओ बंद करा, किल्ली 'ऑन'पर्यंत फिरवा, स्टार्टर मारू नका. बहुतेक गाड्यांत मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक घूंऽऽ असा आवाज येतो. तो फ्युएल पंप. गाडी चांगली असते त्या दिवशी हा आवाज एकदा ऐकून ठेवा, म्हणजे नसेल तेव्हा कळेल. आवाज नसेल तर पंपाआधी फ्यूज आणि रिले बघा. फ्यूज दोन-चार डॉलरचा, पंप टाकीत बसवलेला आणि नऊशेचा. (आणि टाकीत पेट्रोल आहे ना? हसू नका, काट्यावर विश्वास ठेवून फसलेले आम्हाला माहीत आहेत.)

ठिणगी बघायला मात्र चेतकची युक्ती वापरू नका. या गाड्यांच्या कॉइलमधून हजारो व्होल्ट निघतात. माणसालाही धक्का बसतो आणि कॉइलच्या इलेक्ट्रॉनिक्सचीही वाट लागू शकते. त्यासाठी दहा-पंधरा डॉलरचा स्पार्क टेस्टर मिळतो.

थंडीतला एक नेहमीचा प्रकार. बर्फ काढायला गाडी गराजमधून दहा फूट बाहेर घेतो, लगेच बंद करतो, आणि तासाभराने ती सुरू होत नाही. थंड इंजिनला जास्त पेट्रोल दिलं जातं, ते जळायच्या आत आपण इंजिन बंद केलं, आणि प्लग ओले झाले. नाकाला वास येतो. बऱ्याच गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून स्टार्टर मारला तर कॉम्प्युटर पेट्रोल बंद करतो आणि नुसती हवा आत जाते. पाच-सात सेकंद करा, मिनिटभर थांबा, पुन्हा करा. दहा सेकंदांपेक्षा जास्त एका दमात नको, स्टार्टर तापतो.

आणि एका आवाजाला घाबरा. इंजिन नेहमीपेक्षा हलकं, भरभर, घर्र-घर्र हा ठेका न धरता एकसुरात फिरायला लागलं, तर टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता आहे. तिथे लगेच थांबा. पुष्कळ इंजिनांत अशा वेळी पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतात. तेव्हा मात्र टो ट्रकच.

आमचं भांडण गराजवाल्यांशी नाही. भांडण आमच्याशीच आहे. आम्ही त्याला फोनवर "पंप बदला" म्हणून सांगितलं. त्याऐवजी "इंजिन जोरात फिरतंय, पंपाचा आवाज येतोय, किल्लीचा दिवा लुकलुकतोय" एवढं सांगितलं असतं, तर त्याने बहुधा फोनवरच उलगडा केला असता. डॉक्टरकडे जाऊन आपण "माझं अपेंडिक्स काढा" म्हणत नाही, पोटात कुठे दुखतं ते सांगतो.

ती मुलगी हे कुठे शिकली, तर हायस्कूलच्या ऑटो शॉपच्या वर्गात. तो वर्ग घेऊ नकोस, त्याऐवजी एखादा एपीचा विषय घे, म्हणून तिच्या घरी महिनाभर वाद चालला होता. वाद घालणारे वडील म्हणजे आमचेच पिस्टनवाले. हात काळे करायची कामं आपल्या मुलांनी करू नयेत म्हणूनच तर इथवर आलो, असं त्यांचं म्हणणं होतं. हे आपल्यातले बरेच जण मनातल्या मनात म्हणतात, ते मोठ्याने म्हणाले इतकंच. पण याच गावात नुकताच आलेला विद्यार्थी तीन हजारांची जुनी गाडी घेतो, आणि नऊशेचा चुकीचा पंप त्याला आपल्यासारखा परवडत नाही. नवरा बाहेरगावी असताना गाडी बंद पडली, तर घरच्या बाईने तिघा काकांची वाट का बघत बसावं?

म्हणून मंडळाकडे मागणी करतो आहोत. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी, मराठी शाळा सुटल्यावर, शाळेच्याच पार्किंग लॉटमध्ये दोन तास. भाषण नाही, अल्पोपाहार नाही, चहा आम्ही आणू. प्रत्येकाने आपापल्या गाडीचा पंप ऐकायचा, फ्यूजची पेटी शोधायची, स्कॅनर लावून इंजिनचे फेरे बघायचे. विद्यार्थी आणि गृहिणी आधी. शिकवायला ती मुलगी तयार आहे आणि पिस्टनवाले तिच्या हाताखाली पाने द्यायला उभे राहणार आहेत, तसं त्यांनी लेखी दिलंय. येताना गाडीचं मॅन्युअल आणा, आणि घरातल्या आकड्यांना लटकलेल्या सगळ्या किल्ल्या आणा. कुठली किल्ली नुसतं दार उघडते आणि कुठली गाडी चालवते, ते त्या दिवशी प्रत्येकाने लावून बघायचं आहे.