मुलांचे क्रिएटिनिन उंचीशिवाय वाचू नका

समजा, सहा वर्षांची एक मुलगी आहे. उंची १०५ सेंटिमीटर. रक्तातील क्रिएटिनिन ०.९. अहवालात शेजारीच छापलेली सामान्य मर्यादा ०.६ ते १.२. आकडा मर्यादेत बसतो, म्हणून घरचे निर्धास्त होतात. प्रत्यक्षात या मुलीच्या मूत्रपिंडांचे काम जवळपास निम्म्यावर आलेले असू शकते.

कारण ती मर्यादा मोठ्या माणसांची आहे. क्रिएटिनिन स्नायूंत तयार होते आणि मूत्रपिंडे ते लघवीवाटे बाहेर टाकतात. मुलांचे स्नायू कमी, म्हणून त्यांच्या रक्तात ते मुळातच कमी असते. पाच-सहा वर्षांच्या निरोगी मुलात ते साधारण ०.३ ते ०.५ एवढेच आढळते. त्या मानाने ०.९ म्हणजे जवळपास दुप्पट.

यावर उपाय सोपा आहे. स्नायू उंचीबरोबर वाढतात, म्हणून मुलांसाठीच्या सूत्रात उंची धरतात. अमेरिकेतील बालमूत्रपिंडतज्ज्ञ जॉर्ज श्वार्ट्झ यांनी १९७६ मध्ये असे सूत्र मांडले आणि २००९ मध्ये ते सुधारले. सेंटिमीटरमधील उंचीला ०.४१३ ने गुणायचे आणि क्रिएटिनिनने भागायचे. वरच्या मुलीचे उत्तर येते सुमारे ४८. दोन वर्षांवरील निरोगी मुलात ते साधारण ९० च्या वर असते. तीन महिन्यांहून अधिक काळ ते ६० च्या खाली राहिले, तर तो दीर्घकालीन मूत्रपिंड विकार ठरतो.

सूत्राचा गुणकही जपून निवडावा लागतो. जुन्या सूत्रात लहान मुलांसाठी ०.५५ हा गुणक होता, कारण तेव्हाची क्रिएटिनिन मोजण्याची पद्धत वेगळी होती. आजच्या प्रमाणित तपासणीला तो लावला, तर याच मुलीचे उत्तर ६४ येते आणि आजार एक पायरी सौम्य वाटतो.

मराठवाड्यात आणखी एक अडचण आहे. छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जालना, बीड, परभणीकडूनही मुले येतात. त्यांतली काही कुपोषित असतात. हाडकुळ्या मुलात स्नायूच कमी असल्याने क्रिएटिनिन कमी दिसते आणि सूत्राचे उत्तर खऱ्यापेक्षा चांगले येते. अशा वेळी सिस्टॅटिन सी ही तपासणी मदत करते, कारण ती स्नायूंवर फारशी अवलंबून नसते. मात्र ती महाग आहे, आणि स्टेरॉइड चालू असतील किंवा थायरॉइडचा आजार असेल तर तिचाही आकडा हलतो. शेवटी प्रत्येक सूत्र हा अंदाजच. एका आकड्यावर निदान न करता काही महिन्यांचा कल पाहावा लागतो.

आकडेमोडीचा हा खटाटोप कशासाठी? मुलांमध्ये या विकाराचे मोठे कारण जन्मजात रचनादोष आहे. मूत्रमार्गातील पडदा किंवा मूत्राशयातून लघवी उलटी वर चढणे, हे त्यातले नेहमीचे दोष. ते वेळेत कळले तर शस्त्रक्रिया, औषधे आणि रक्तदाबावर नियंत्रण यांनी डायलिसिसची वेळ बरीच पुढे ढकलता येते. अमिकासिनसारख्या प्रतिजैविकाची मात्राही याच अंदाजावर ठरते. तो चुकला तर औषधच उरलेल्या मूत्रपिंडाला इजा करते.

यासाठी नवे यंत्र नको, खर्चही फारसा नाही. प्रयोगशाळांनी मुलांच्या अहवालावर वयानुसार मर्यादा छापावी. तपासणीच्या चिठ्ठीवर वयाशेजारी उंचीचा रकाना असावा आणि डॉक्टरांनी तो भरावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांची उंची मोजतातच. वाढ खुंटलेल्या मुलाचा रक्तदाब आणि लघवी तपासण्याची शिफारसही त्याच वेळी व्हावी.

पालकांनी लक्ष ठेवायच्या खुणा अशा: वयाच्या मानाने उंची न वाढणे, चेहरा पांढुरका पडणे, लघवीची धार बारीक किंवा थेंबथेंब होणे, वारंवार लघवीचा संसर्ग, सूज, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे. यातले काही दिसले आणि रक्त तपासले, तर अहवाल ‘नॉर्मल’ आहे का एवढेच विचारून उठू नये. ‘माझ्या मुलाच्या उंचीच्या हिशेबाने तो नॉर्मल आहे का?’ असे विचारावे. उत्तर द्यायला डॉक्टरांना एक मोजपट्टी आणि एक मिनिट पुरते.