ओमानच्या वाळूत तंबू

सूर मागे टाकून दक्षिणेला निघालं, की एकीकडे वाळवंट आणि दुसरीकडे अरबी समुद्र, एवढंच उरतं. अल खलूफच्या पांढऱ्या टेकड्यांपाशी टायरांतली हवा निम्म्यावर आणायची, वाळूत उतरायचं आणि वाटेल तिथे तंबू ठोकायचा. राखीव क्षेत्रं सोडली तर ओमानमध्ये याला फारशी आडकाठी नाही. ही मुभा ठेवावी की आवरावी?

आवरा म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी नाही. रास अल जिन्झला हिरवी कासवं वर्षभर अंडी घालतात. १९९६ मध्ये तिथला किनारा राखीव झाला तो त्यांच्यासाठीच. वाळूतून वर आलेली पिल्लं उजेडाकडे धावतात. रात्री समुद्राकडची बाजू उजळ असते, म्हणून ती नीट पाण्यात पोचतात. किनाऱ्यावर दिवा पेटला की दिशा चुकते. गाडीच्या चाकोरीत अडकलेल्या पिल्लाला तर खेकडे गाठतातच.

पण म्हणून सगळ्याच किनाऱ्यावर बंदी? मसिराह बेटावर लॉगरहेड कासवांची वीण उन्हाळ्यातली, तर दूरच्या प्रवाशांचे तंबू मुख्यतः हिवाळ्यातले. अर्थात हे गणित सगळीकडे चालत नाही. कोकणात पाऊस आणणारे नैऋत्य वारे या किनाऱ्यालगत समुद्राच्या खोलातलं गार पाणी वर आणतात. मस्कत भाजून निघत असताना अल अश्खराकडे हवा सुसह्य असते, त्यामुळे तिथे उन्हाळ्यातही लोक येतात. शिवाय वाळूवर चाकं काही फक्त पाहुण्यांचीच उमटत नाहीत. कोळीही पिकअपनेच होड्या ओढतात, आणि त्यांचं पोट त्यावर आहे.

सुरक्षेचा मुद्दा मला गौण वाटतो. सब्खा, म्हणजे वरून टणक आणि खाली चिखल असलेली खारजमीन, गाडी गिळते हे खरं. पण सोबतीला दुसरी गाडी आणि भरपूर पाणी घेऊन जाणं हे ज्याचं त्याने पाहावं. सरकारने पाहायचं ते कासवांचं: विणीच्या पट्ट्यात, विणीच्या महिन्यांत, रात्री गाडी नको, दिवा नको, शेकोटी नको. बाकी किनारा मोकळा.

एवढ्या लांब किनाऱ्यावर पहारा कोण देणार? गावातल्या कोळ्यांना पगार देऊन हे काम सोपवता येईल. त्यासाठी शुल्क लागलंच, तर ते परदेशी नंबरप्लेटच्या गाड्यांकडून घ्यावं. शुक्रवारी पोराबाळांना घेऊन येणाऱ्या सूरच्या कुटुंबाकडून नको.